तमियाच्या १:३५ टी-५५ए चा १९७१ चा भारतीय टी-५५: नळीवरचा डबा, ताठ पट्टा आणि पांढरं पडलेलं वार्निश

रत्नागिरीचा_रंगारी

मंडळी, नमस्कार. हातात तमियाचं १:३५ मापाचं टी-५५ए रणगाड्याचं प्लास्टिक मॉडेल किट आहे. डब्यावरच्या चित्रातला रशियन करायचा नाही, डिसेंबर १९७१ च्या भारत-पाक युद्धातला, जम्मूकडच्या छांब आघाडीवरचा आपला टी-५५ करायचाय. हलचा (रणगाड्याच्या धडाचा) खालचा भाग जोडून झालाय, चाकं सुटी आहेत, टरेटचे (वरच्या फिरत्या बुरुजाचे) भाग नुसते एकमेकांवर ठेवून पाहिलेत. चार ठिकाणी गाडी अडलीय.

आपल्या रणगाड्यांच्या जुन्या फोटोंत तोफेच्या नळीवर साधारण मध्यावर एक जाड डबा दिसतो. किटमध्ये डबा आहे तो थेट नळीच्या तोंडाशी. किटची नळी चुकीची आहे, की आपली तोफच वेगळी होती?

किटमधला पट्टा रबरासारखा, एकसंध आहे. चाकांवर चढवला की वरची बाजू ताणलेल्या दोरीसारखी सरळ राहते. खऱ्या रणगाड्याचा पट्टा चाकांवर टेकलेला असतो. सुट्या कड्यांचा संच घ्यावा, की आहे त्यात भागतं? धातूचे पट्टे बजेटमध्ये नाहीत.

टरेटच्या ओतीव लोखंडाची खरबरीत पोत कितपत काढायची?

आणि शेवटचं. टरेटच्या एका सुट्या झाकणावर हिरवा मारून वर मॅट वार्निशचा कॅन मारला. दहा मिनिटांत झाकण दूध सांडल्यासारखं पांढरं. इकडे सध्या धो धो पाऊस आहे, त्याचा काही संबंध?

एअरब्रश ०.३ मिमीचा आहे. पितळी भागांचे संच घ्यायचे नाहीत, घरात किंवा बाजारात मिळेल त्यातून करायचंय.

---

पोलादी_सुरवंट

किटची नळी बरोबर आहे आणि तुमचे फोटोही बरोबर आहेत. टी-५५ ची १०० मिमी डी-१० तोफ, तिचा धूर ओढणारा खरा डबा नळीच्या तोंडापाशीच असतो. अडचण अशी होती की समोर पाकिस्तानकडे चिनी टाइप-५९ होते, म्हणजे टी-५४ए ची नक्कल. लांबून दोन्हींची आकृती एकच. छांबला तर आपल्याकडे ७२ आर्मर्ड रेजिमेंटचे टी-५५ आणि डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे टी-५४ होते आणि समोर टाइप-५९. आपल्याच तोफखान्याने आपल्याच गाडीवर गोळा टाकू नये म्हणून आपल्या गाड्यांच्या नळीवर मध्यावर एक खोटा डबा बसवला. आकृती सेंच्युरियन या आपल्या दुसऱ्या रणगाड्यासारखी दिसावी एवढंच त्याचं काम.

तेव्हा तुमच्या नळीवर दोन डबे हवेत. तोंडाशी खरा, मध्यावर खोटा. किटमधला खरा कापून टाकू नका, ही चूक बरेच जण करतात.

माप कुठून घ्यायचं? बरोबर बाजूने, काटकोनात घेतलेला फोटो निवडा. टी-५५ च्या चाकाचा व्यास ८१० मिमी, म्हणजे १:३५ मध्ये २३.१ मिमी. फोटोतलं चाक मोजा, डबा मोजा, गुणोत्तर काढा. तिरक्या फोटोवरून मोजलंत तर डबा आखूड निघणार. फोटो छापून स्टीलच्या पट्टीने मोजलेलं बरं, स्क्रीनवर मोजताना झूम कधी बदलतो ते कळत नाही.

बनवायची रीत सांगतो. ०.२५ मिमी जाडीचा स्टायरीनचा पत्रा घ्या आणि नळीवर गुंडाळत जा. समजा तुमच्या नळीची त्या जागेची जाडी कॅलिपरवर ५ मिमी आली आणि डबा ८ मिमीचा हवाय. दोन्ही बाजूंना दीड दीड मिमी वाढवायचं, म्हणजे सहा वेढे. सरासरी व्यास ६.५ मिमी धरला तर एका वेढ्याला २०.४ मिमी, सहा वेढ्यांना साधारण १२३ मिमी. पट्टी १३० ची कापा, उरलेली शेवटी छाटा. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या नळीला तुमचं माप.

पट्टी सरळ आयताकृती कापू नका. एका टोकाला डब्याच्या पूर्ण लांबीइतकी रुंद आणि दुसऱ्या टोकाकडे दोन्ही बाजूंनी निमुळती होत जाणारी अशी कापा. रुंद टोकापासून गुंडाळायला सुरुवात केली की प्रत्येक वेढा आधीच्यापेक्षा थोडा अरुंद बसतो आणि डब्याची टोकं आपोआप उतरती होतात. त्या बारीक पायऱ्या मिस्टर सर्फेसर ५०० (दाट प्रायमर) ने भरा, २४ तास वाळू द्या, मग ४०० आणि ६०० नंबरच्या वॉटरपेपरने ओलं घासा.

गुंडाळण्याआधी पट्टीला बाक द्यायला लागतो, नाहीतर ती स्प्रिंगसारखी उलगडते. ४ मिमीच्या ड्रिलच्या दांड्यावर गुंडाळून टेपने बांधा, वरून कढत पाणी ओता, गार झाल्यावर सोडा. उकळतं नको, पत्रा लाटांसारखा वाकडा होतो. आणि गोंद पातळ वापरत असाल तर प्रत्येक वेढ्याला थेंबभरच. आत जास्त गेला तर तो आतल्या आत पत्रा मऊ करतो आणि चार दिवसांनी डब्यावर खळगा पडतो. घासताना सगळं सपाट होतं आणि रंग दिल्यावर पुन्हा खळगा दिसतो, तो याच कारणाने.

---

चौकातला_रणगाडा

एक शंका. आमच्या शहरात एका चौकात चौथऱ्यावर टी-५५ ठेवलाय, त्याच्या नळीवर मध्यावर असाच डबा आहे. फोटोवरून मोजण्यापेक्षा थेट त्याचंच माप घेतलं तर? टेप घेऊन जाता येईल.

---

पोलादी_सुरवंट

नको, फसाल. त्या गाडीच्या नळीचं तोंड बघा. तोंडाशी डबा नसेल, नळी शेवटपर्यंत सरळ जात असेल तर ती १०० मिमी डी-१० नाहीच. आपल्या बऱ्याच टी-५५ वर पुढे १०५ मिमीची एल-७ जातीची तोफ चढवली, तिचा खरा डबा मध्यावरच असतो. बाजूला धुराचे गोळे सोडणाऱ्या नळ्या आणि पट्ट्यावर झाकणाऱ्या पडद्या दिसल्या तर तो नंतरचा अवतार. १९७१ साठी त्याची नळी, डबा, पडद्या काहीच उपयोगाचं नाही.

तोंडाशी एक आणि मध्यावर एक असे दोन्ही डबे असतील, तरच १९७१ ची वेळ. एवढी एक खूण लक्षात ठेवा.

चौथऱ्यावरच्या गाडीचा उपयोग चाकांसाठी, फेंडरवरच्या (पट्ट्यावरच्या पत्र्यावरच्या) डब्यांसाठी, वेल्डिंगच्या ओळींसाठी करा. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयातही तेच. रंग मात्र अशा कुठल्याच गाडीवरून घेऊ नका. दरवर्षी ब्रशने दिलेल्या ऑइल पेंटचे थर असतात ते, चाकाच्या रबरालाही चमकदार काळा फासलेला असतो.

---

पट्टेवाला

पट्ट्याचं मी सांगतो.

टी-५५ ला वरच्या बाजूचे छोटे आधाररोलर नाहीत. पाच मोठी चाकं, पुढे आयडलर (पट्टा वळवणारं मोकळं चाक), मागे स्प्रॉकेट (पट्टा ओढणारं दातेरी चाक). म्हणून वरचा पट्टा स्वतःच्या वजनाने थेट चाकांच्या डोक्यावर पडतो. आयडलरवरून उतरताना पहिली घसरण, मग चाकांवर टेकत टेकत मागे, आणि स्प्रॉकेटवर चढायच्या आधी दुसरी. पहिल्या आणि दुसऱ्या चाकात अंतर जास्त आहे, टी-५४/५५ ची ती ओळखच आहे, तिथे पट्टा किंचित आत दबलेला दिसतो. अगदी किंचित. तिथे झोळी करून ठेवली तर पट्टा सैल झालेला रणगाडा वाटतो.

किटच्या पट्ट्यात भागतं. खर्च न करता असं करा.

चाकं, आयडलर, स्प्रॉकेट आणि पट्टा रंगवून झाल्यावरच हे काम. आधी चाकांच्या कडांना रंग हवाच हवा. मऊ पट्ट्यातलं तेलकट रसायन वर्षानुवर्षं उघड्या पॉलिस्टायरिनला लागून राहिलं तर चाकाची कड वितळून चिकट होते. रंगाचा थर मधे असला की ते टळतं. जुन्या किट्सना हा रोग फार होता, पण काळजी घ्यायला काही जात नाही.

पट्टा चढवला की चाकांच्या डोक्याच्या जरा वर, हलच्या बाजूला फेंडरच्या आड ०.८ मिमीची भोकं पाडा. दुसऱ्या-तिसऱ्या, तिसऱ्या-चौथ्या आणि चौथ्या-पाचव्या चाकांच्या मधल्या जागी एकेक पुरतं. त्यातून तारेचा तुकडा असा बाहेर काढा की तो पट्ट्याला वरून दाबून धरेल. तार पट्ट्याच्या रुंदीच्या निम्म्यावर थांबवा. पट्टा १६.६ मिमी रुंद आहे, तेव्हा ८ मिमी तार बाहेर आली की झालं. फेंडर वर असल्याने बाहेरून काही दिसत नाही. भोकं वर-खाली झाली तर पट्टा लाटांसारखा दिसेल, म्हणून आधी मास्किंग टेपची एक सरळ पट्टी हलला लावून तिच्यावर खुणा करा.

दुसरा मार्ग सोपा पण घाईचा. फेंडर आणि पट्ट्यामधे फोमचे तुकडे कोंबायचे, पट्टा चाकांवर दाबला गेला की टेकलेल्या जागी सुपरग्लू टाचणीच्या टोकाने लावायचा, रात्रभर ठेवायचं, सकाळी फोम काढायचा. जास्त ग्लू लागला तर आजूबाजूला पांढरी भुकटी बसते, ती नंतर धुळीच्या रंगात खपते म्हणा.

सुट्या कड्यांचा संच घेतलाच तर १९७१ साठी जुन्या पद्धतीचा, ओएमएसएच नावाचा घ्या. नंतरच्या रबर-बुश असलेल्या आरएमएसएच पट्ट्याला स्प्रॉकेट १४ दातांचं लागतं, जुन्याला १३ दातांचं. चुकीची जोडी घेतली की दात कड्यांत बसतच नाहीत आणि माणूस तासभर कड्या कातरत बसतो. ओएमएसएच च्या एका बाजूला साधारण ९० कड्या. स्टीलच्या पट्टीला टेकवून सरळ जोडायच्या, दाट सिमेंट लावायचं, २० ते ३० मिनिटांनी पट्टा चामड्यासारखा वाकायला लागतो. तेव्हा चाकांवर चढवायचा, फोमने दाबायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. स्प्रॉकेट आणि आयडलर चिकटवू नका, म्हणजे अख्खा पट्टा चाकांसकट बाहेर काढून रंगवता येतो.

पट्ट्याला गंजाचा भगवा रंग देऊ नका, कृपा करून. चालत्या गाडीच्या पट्ट्याचं स्टील मँगनीजचं असतं आणि रोज दगडमातीवर घासलं जातं. तळाला काळपट तपकिरी, वर त्या भागातली फिकी धूळ, आणि जमिनीला टेकणाऱ्या कडांवर ६बी पेन्सिल आडवी फिरवा. शिशाची चकाकी अगदी खऱ्या घासलेल्या लोखंडासारखी येते.

---

ओतीव_बुरुज

टरेट. आधी हे ठरवा की ओतीव काय आहे आणि पत्र्याचं काय आहे. टी-५५ च्या टरेटचा घुमट ओतीव, पण छप्पर म्हणजे दोन इंग्रजी डी अक्षरासारखे कापलेले पत्रे, मधे वेल्ड करून बसवलेले. पत्रा गुळगुळीत असतो. बहुतेक मॉडेलांत लोक अख्ख्या टरेटवर, छपरासकट, खडबडीत थर मारतात आणि टरेट भाकरीच्या पिठात लोळवून काढल्यासारखं दिसतं. छपरावर टेप लावून झाका, मगच बाजूंना हात घाला.

पोत किती? १:३५ मध्ये ०.३ मिमीचा फोड म्हणजे खऱ्या रणगाड्यावर सेंटिमीटरभर उंचवटा. एवढा नसतो. किटवर जी पोत आहे ती पुरेशी आहे. जोड घासताना जिथे ती पुसली गेली तिथेच ती परत आणायची.

मिस्टर सर्फेसर ५०० असेल तर तेच. नसेल तर कुठलीही स्टायरीनची पुट्टी पातळ सिमेंटमध्ये कालवा, ताकापेक्षा दाट आणि दह्यापेक्षा पातळ. जुन्या ब्रशचे केस ३-४ मिमी ठेवून कापा आणि त्या खुंटाने टोचत टोचत लावा. फासायचं नाही, टोचायचं. एका वेळी दोन सेंटिमीटरचा तुकडा घ्या, कारण सिमेंट उडून जातं आणि पुट्टी धाग्यासारखी ओढली जाते. अर्ध्या तासाने ६०० च्या पेपरने वरवर फिरवा, टोकं बोथट झाली की थांबा. प्रायमर मारल्याशिवाय खरं रूप कळत नाही, म्हणून पहिल्या थरावर समाधान नसलं तरी आधी करडा प्रायमर मारून बघा.

टरेटवरचे धरायचे दांडे किटमध्ये असतात, पण प्लास्टिकवरची शिवण काढताना हटकून मोडतात. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार गेजवर मिळते. २४ गेज म्हणजे ०.५६ मिमी, खऱ्यावर जवळजवळ २० मिमी. दांड्याला एकदम योग्य. तिच्यावर लाखेचा थर असतो, तो ४०० च्या पेपरने घासून काढा, नाहीतर रंग बोटाला लागून निघतो. ओढायचा दोर पण त्याच दुकानातून: ३६ गेजच्या सात तारा घ्या, एक मधे आणि सहा भोवती, टोकं ड्रिल मशीनमध्ये पकडून हळू पीळ द्या. सात तारांची जाडी एका तारेच्या तिप्पट होते, म्हणजे ०.५८ मिमी. किटच्या सुतळीसारखे तंतू उडत नाहीत आणि वाकवला की वाकलेला राहतो.

इंजिनावरच्या जाळ्यांसाठी चहाच्या गाळणीची जाळी कापायचा मोह होईल. या मापाला ती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी दिसते. नको.

आणखी एक, हे कुणी बोललं नाही. तुमचं किट टी-५५ए चं आहे. ए मध्ये किरणोत्सर्ग अडवणारं अस्तर आलं, म्हणून कमांडर आणि लोडरच्या (तोफेत गोळा भरणाऱ्याच्या) झाकणांभोवतीची कडा जाड, उंच दिसते. साध्या टी-५५ ला ती नाही. शिवाय साध्या टी-५५ च्या पुढच्या तिरक्या पत्र्यावर मध्यभागी मशीनगनचं एक बारीक भोक असतं, ए वर ते नसतं. ते भोक ०.८ मिमीच्या ड्रिलने एका मिनिटात होतं. झाकणांची कडा घासून उतरवणं मात्र डोकेदुखी आहे, टरेटचं छप्पर आत वळतं आणि झाकणाचं गोल भोक अंडाकृती होतं. सोपी सोडवणूक म्हणजे तिथे ताडपत्रीची घडी किंवा जाळी ठेवायची.

विमानविरोधी मशीनगन बसवू नका, जोपर्यंत तुम्ही निवडलेल्या गाडीच्या फोटोत ती दिसत नाही. टी-५५ सुरुवातीला तिच्याशिवायच येत असे, टी-५४ ला होती. आणि डेक्कन हॉर्सचा टी-५४ करायचं मनात आलं तर छपरावर लोडरच्या पुढे हवा खेळवायची छोटी घुमटी लागेल, टी-५५ ला ती नाही.

---

सादळलेला_ब्रश

झाकण पांढरं झालं ते पावसामुळेच. लॅकरच्या वार्निशमधलं द्रावक उडून जाताना पृष्ठभाग गार करतं, हवेत ओल भरलेली असली की तिथे पाणी धरतं आणि ते थरात अडकतं. कोकणात जून ते सप्टेंबर कॅनमधलं लॅकर मारायचं असेल तर आधी आर्द्रता मोजायचं दोनशे-तीनशे रुपयांचं यंत्र घ्या. ६५ टक्क्यांच्या वर असेल तर कॅन कपाटात. एसी लावलेली खोली चालते, पण खिडकी बंद करून लॅकर मारायचं म्हणजे वास फुप्फुसात. म्हणून पावसाळ्यात पाण्यावरचं ॲक्रिलिक मॅट एअरब्रशने मारलेलं परवडलं. कंप्रेसरचं पाणी साठायचं भांडं दर अर्ध्या तासाने रिकामं करा, नाहीतर नळीतून पाण्याचा थेंब येऊन रंगावर फोड येतो.

झाकण फेकू नका. आधी खात्री करा की हे ओलीचंच आहे. सगळीकडे एकसारखं दुधाळ असेल तर ओल. फक्त खाचांत आणि कोपऱ्यांत पांढरी भुकटी असेल तर कॅन नीट हलवला नाही आणि मॅट करणारी पूड साचली. ओलीचं असेल तर कोरड्या दिवशी मंद उडणारं लेव्हलिंग थिनर एअरब्रशमध्ये घालून २० सेंटिमीटरवरून अगदी धुक्यासारखं एकदा फिरवा. थर पुन्हा मऊ होतो, ओल निघून जाते. दोनदा नको, खालचं ॲक्रिलिक हलतं. पूड साचलेली असेल तर घासून नवा थर हाच उपाय.

रंगाचं सूत्र विचारलं नाहीत, पण विचाराल. काळ्यापांढऱ्या फोटोंवरून नेमकी छटा सांगणारा माणूस थापा मारतोय. गडद हिरवा हवा, मापाच्या मानाने थोडा उजळलेला. तमियाचे एक्सएफ-६१ पाच भाग, एक्सएफ-६२ तीन भाग, एक्सएफ-६० एक भाग, हे मला पटतं. रंगाइतकंच एक्स-२०ए थिनर, १५ ते १८ पीएसआय, तीन पातळ थर. तमियाचा हा रंग ब्रशने देऊ नका, दुसरा हात पहिल्याला उचलतो. चाकांचं रबर करायला भूमितीची वर्तुळांची प्लास्टिक पट्टी घ्या, लोखंडी भागाएवढं भोक शोधा, चाकावर ठेवा आणि हिरवा मारा, बाहेरचं काळं रबर सुटं राहतं. काळा आधी, हिरवा नंतर.

नंबर आणि खुणा स्टेन्सिलने किंवा डेकलने (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्राने), पण डेकलच्या जागी आधी चमकदार वार्निश हवंच. मॅटच्या खडबडीत पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि ती चांदीसारखी चमकते. मागाहून कितीही सॉफ्टनर ओता, निघत नाही.

वॉशसाठी, म्हणजे खाचांत साठणाऱ्या पातळ गडद रंगासाठी, कॅम्लिनचा ऑइल कलर चालतो. बर्न्ट अंबरमध्ये चिमूटभर लँप ब्लॅक, एक भाग रंग, दहा भाग द्रावक. द्रावक म्हणजे रंगाच्या दुकानातला एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन ऑइल). नुसतं "थिनर द्या" म्हणालात तर दुकानदार एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर देतो आणि ते प्लास्टिक खातं. वार्निशनंतर २४ तास थांबा. वॉश सगळीकडे फासू नका. झाकणांच्या कडा, बोल्टची डोकी, वेल्डच्या ओळी यांनाच ०० नंबरच्या ब्रशचं टोक टेकवा, रेघ स्वतः धावते. २०-३० मिनिटांनी जवळजवळ कोरड्या ब्रशने वरून खाली पुसा.

---

रत्नागिरीचा_रंगारी

सगळ्यांचे आभार. डबा गुंडाळला, दुसऱ्या प्रयत्नात जमला. पट्टीचं शेवटचं टोक नळीच्या खालच्या बाजूला ठेवलं. थिनरच्या धुक्याने झाकणही सावरलं.

नवीन भानगड: चाकांवर वॉश दिला आणि दुसऱ्या दिवशी दोन चाकांच्या आसाशी केसासारखी चीर. एक चाक हातात आलं. वॉशमध्ये एमटीओच होतं, एनसी नव्हतं. आणि छांबच्या धुळीचा रंग कसा धरावा? इथली लाल माती चालणार नाही ना?

---

सादळलेला_ब्रश

एमटीओही ताणाखालच्या उघड्या प्लास्टिकला चिरतं. चाक आसावर घट्ट दाबून बसवलं असेल तर प्लास्टिक आतून ताणलेलं असतं. वॉश केशाकर्षणाने आसाच्या फटीत शिरतो, आत रंगही नाही आणि वार्निशही नाही. म्हणून आसाचं भोक गोल कानसने घासून चाक सैल फिरेल इतपत मोठं करायचं, वॉश चाक सुटं असतानाच द्यायचा आणि ते टिश्यूवर उपडं ठेवायचं. चिरलेल्यांना मागून पातळ सिमेंट द्या, चीर आतल्या आत जुळते. हातात आलेल्या चाकाच्या आसात ०.८ मिमीचं भोक पाडून तारेची खुंटी घाला, नुसत्या गोंदाने ते पट्ट्याचा ताण सोसणार नाही.

---

पट्टेवाला

लाल माती अजिबात नको. मुनव्वर तवीच्या काठचं मैदान, डिसेंबरचा कोरडा महिना, धूळ फिकी, करड्याकडे झुकणारी पिवळट. चित्रकलेचे सॉफ्ट पेस्टल घ्या, ऑइल पेस्टल नाही. पिवळट बदामी दोन भाग, करडा एक भाग, ब्लेडने खरवडून भुकटी करा, मलमलच्या कपड्यातून गाळा. कोरडीच फेंडरवर, चाकांच्या मधल्या लोखंडी भागावर आणि हलच्या खालच्या निम्म्यात टाका. मग ब्रशमध्ये एमटीओ घेऊन वरून थेंब सोडा, भुकटी खाचांत जाऊन बसते. ओली असताना गडद दिसते, घाबरून आणखी काढू नका. वाळल्यावर उजळते, तेव्हा मोजून काढायची.

जिथे माणसं चढतात तिथे, म्हणजे पुढचा तिरका पत्रा आणि टरेटची बाजू, धूळ बोटाने पुसून टाका. डाव्या फेंडरवर मागच्या बाजूला धुराड्याचं तोंड आहे. तिथे काळ्या पेस्टलची काजळी, तोंडाशी दाट आणि मागे विरत जाणारी. उजव्या फेंडरवर तशीच काजळी मारलेली मॉडेलं पाहिलीत, उजवीकडे इंधनाच्या टाक्या आहेत.

---

ओतीव_बुरुज

जाळी लावणार असाल तर धूळ टाकायच्या आधी लावा. औषधाच्या दुकानातला गॉज बँडेज घ्या, एकेरी पदर, कोपऱ्यातून तिरका ओढा म्हणजे चौकोनाचे हिरे होतात. फेव्हिकॉल आणि पाणी निम्मे निम्मे, त्यात बुडवून टरेटच्या मागच्या बाजूला घडी घालून ठेवा. अर्धवट वाळलं की टूथपिकने घड्या खाली दाबा, नाहीतर ती हवेत तरंगते आणि वजन नसलेली दिसते. वाळलेला चहाचा चोथा वर भुरभुरवला की झाडपाल्याच्या पट्ट्या वाटतात. ताडपत्रीची गुंडाळी टिश्यू पेपरच्या दोन पदरांची, त्याच फेव्हिकॉलच्या पाण्यात. ती बांधणारे पट्टे मास्किंग टेपचे, एक मिमी रुंद.